वीज आणि डेटा खंडित झाल्यावरही पतसंस्था चालू ठेवण्याची तयारी: सविस्तर मार्गदर्शक

वीज गेल्यावर पतसंस्थेच्या काउंटरवर नेमके काय अडते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. रोखपाल जागेवर असतो, तिजोरीत रोकड असते, सभासद पासबुक घेऊन समोर उभा असतो. पण त्याच्या खात्यात या क्षणी किती शिल्लक आहे, हे खात्रीने सांगणारी नोंद कोणाच्याही हाताशी नसते आणि म्हणून व्यवहार थांबतो. पुष्कळ संस्थांमध्ये संचालक मंडळ जनरेटरच्या खरेदीला मंजुरी देते आणि विषय संपला असे मानते. जनरेटर हवाच, परंतु तो दिवे आणि यंत्रे चालू ठेवतो. शिल्लक खरी आहे की नाही याची हमी तो देत नाही. या लेखातील सगळ्या पायऱ्या त्यामुळे एकाच कसोटीवर लावल्या आहेत: अडचणीच्या काळात सभासदाला गरजेची रोकड मिळाली का, आणि अडचण सरल्यावर त्याचे खाते पैशापर्यंत जुळले का.

खंड तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची तयारी वेगळी असते. पहिल्यात वीज जाते, पण माहिती सुरक्षित असते. दुसऱ्यात वीज असते, पण इंटरनेटची जोडणी तुटलेली असते. तिसऱ्यात दोन्ही ठणठणीत असतात आणि तरीही काम बंद असते, कारण ज्या कंपनीच्या संगणकांवर संस्थेची प्रणाली चालते तीच कोलमडलेली असते. या तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ‘ऑनगोइंग ऑपरेशन्स’ या एका सेवा पुरवठादारावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) हल्ला झाला आणि सुमारे ६० क्रेडिट युनियनच्या, म्हणजे तिथल्या पतसंस्थांच्या, सेवा कमीअधिक प्रमाणात विस्कळीत झाल्या. हा बिघाड विजेचा नव्हता आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतींतलाही नव्हता.

पायरी १: कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे दोन आकडे

शाखाधिकारी, रोखपाल, हिशेबनीस आणि संगणक सांभाळणारी व्यक्ती यांनी एकत्र बसून संस्थेतील सर्व कामांची यादी करावी. रोख भरणा, रोख उचल, कर्जाचे हप्ते, एटीएम, मोबाइल ॲपवरील हस्तांतरण, पगार जमा करणे, धनादेश वटवणे, कर्जमंजुरी, दिवसअखेरचा हिशेब, सगळे त्यात यावे. मग प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहावेत. पहिला आकडा म्हणजे ते काम किती वेळ बंद राहिले तर चालेल. दुसरा आकडा म्हणजे त्या कामाच्या किती वेळच्या नोंदी नष्ट झाल्या तर त्या इतर पुराव्यांवरून पुन्हा उभ्या करता येतील.

पहिला आकडा लोक सहज सांगतात. रोख उचल एका तासाच्या आत कोणत्या तरी मार्गाने सुरू व्हायला हवी. नव्या कर्जाची मंजुरी आठवडाभर थांबली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. दुसऱ्या आकड्यावर मात्र थोडे थांबावे लागते. समजा, माहितीची प्रत रोज रात्री एकदाच घेतली जाते आणि दुपारी तीन वाजता मुख्य संगणकाची डिस्क निकामी झाली. काउंटरवरचे व्यवहार भरणा चलन आणि उचल पावत्या यांवरून पुन्हा लिहिता येतील, कारण त्यांचा कागद शिल्लक आहे. सकाळपासून ॲपवरून झालेल्या हस्तांतरणांचा कागद कुठेच नाही. त्यामुळे ज्या सेवेचा कागद राहत नाही तिच्या नोंदींची दुसऱ्या ठिकाणची प्रत काही मिनिटांच्या अंतराने, शक्य असल्यास त्याच क्षणी, तयार होत गेली पाहिजे. हा फरक यादीत स्पष्ट लिहिलेला असला की खर्च कुठे करायचा हे पुढे आपोआप ठरते.

पायरी २: विजेचा हिशेब मोजून करणे

यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालू ठेवणारे उपकरण) घेताना त्यावरील ‘व्हीए’ (व्होल्ट-अँपिअर) हा आकडा पाहून खरेदी केली जाते आणि तिथेच फसगत होते. यंत्रे वॉटमध्ये वीज घेतात, आणि १००० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात किती वॉटचा भार पेलतो हे मॉडेलनुसार बदलते. काही मॉडेलांत ते ६०० वॉटच असते. दोन्ही आकडे माहितीपत्रकात दिलेले असतात, म्हणून वॉटचाच आकडा धरावा.

एक उदाहरण पाहू. मुख्य संगणक २५० वॉट, राउटर, स्विच आणि फायबरचे उपकरण मिळून ६०, काउंटरचे दोन संगणक १६०, पावती छापण्याचे यंत्र ३०, कॅमेरे आणि धोक्याची घंटा ६०, असा एकूण ५६० वॉटचा भार आहे आणि तो दोन तास चालवायचा आहे. गरज ११२० वॉट-तासांची झाली. बॅटरीतील विजेचे रूपांतर करताना साधारण १५ टक्के वाया जातात असे धरल्यास बॅटरीतून सुमारे १३२० वॉट-तास निघाले पाहिजेत. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून क्षमता दुप्पट, म्हणजे २६४० वॉट-तास हवी. १२ व्होल्टच्या हिशेबाने हे २२० अँपिअर-तास होतात. बॅटरीवर छापलेली क्षमता सहसा २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या गृहीतावर दिलेली असते आणि दोन तासांत वीज खेचली तर ती त्याहून कमीच मिळते. त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांवर भागवू नये. १५० च्या दोन घ्याव्यात. प्रत्येक यंत्राचा भार त्याच्या पाटीवरून न घेता साध्या वीजमापकाने मोजला तर हा हिशेब आणखी नेमका होतो.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. शाई कागदावर वितळवणारा त्याचा भाग तापताना काही क्षण हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो आणि त्या एका झटक्याने यूपीएस बंद पडून मुख्य संगणकही अंधारात जाऊ शकतो. उलट, भिंतीवर कुठेतरी लटकलेले फायबरचे उपकरण आणि आतल्या खोलीतला छोटा स्विच यांची वायर जवळच्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेली असते, कारण बसवणाऱ्याला तेच सॉकेट सोयीचे वाटलेले असते. वीज जाते तेव्हा सर्व संगणक चालू राहतात आणि जोडणी मात्र गुल होते. इमारतीत फिरून प्रत्येक वायर शेवटपर्यंत हाताने मागोवा घेत तपासणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि या संपूर्ण तयारीत एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा देणारे दुसरे काम नाही.

मुख्य संगणकासाठी ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा, कारण त्यात वीज गेल्यावर भार बॅटरीवर वळवण्यासाठी क्षणाचाही खंड पडत नाही. बंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, तीही खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर. त्यावर दर ८ ते १० अंशांनी आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून बॅटऱ्या जिन्याखालच्या कोंदट कपाटात ठेवू नयेत, आणि प्रत्येक बॅटरीवर ती बसवल्याची तारीख ठळक लिहावी.

पायरी ३: नीट बंद होणेसुद्धा आधी ठरवून ठेवणे

बॅटरी संपेपर्यंत मुख्य संगणक चालवून मग तो अचानक विझू देणे सर्वांत घातक असते. डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी आपल्या नोंदवहीत लिहून मग मुख्य साठ्यात नेतो, म्हणून साध्या वीजखंडातून तो सहसा सावरतो. पण काही डिस्क ‘लिहिले’ असे उत्तर देऊनही माहिती आपल्या तात्पुरत्या स्मृतीतच धरून ठेवतात, आणि अशा वेळी वीज गेली की पूर्ण झाला असे मानलेला व्यवहार नाहीसा होतो किंवा फाइलच बिघडते. डिस्क नियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीला स्वतःची बॅटरी किंवा तत्सम संरक्षण आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारावे. नसेल तर ती स्मृती लिहिण्यासाठी वापरू नये; वेग थोडा कमी होईल, तो होऊ द्यावा.

यूपीएस आणि मुख्य संगणक यांच्यात संदेशाची तार जोडून असे ठरवावे की बॅटरीत १५ मिनिटांची वीज उरली की आधी काउंटरच्या पडद्यावर सूचना जाईल, मग नवे व्यवहार थांबतील, मग डेटाबेस बंद होईल आणि शेवटी संगणक. यूपीएसबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ही सोय असते. ती कोणी चालू केलेली नसते, एवढेच.

पायरी ४: जनरेटर

जनरेटर नेहमी इमारतीबाहेर, दारे-खिडक्या आणि हवेच्या झरोक्यांपासून दूर असावा. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो जीव घेतो. तो कायमच्या बदलस्विचमार्फतच जोडावा, म्हणजे त्याची वीज उलट बाहेरच्या तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या अंगावर बेतणार नाही. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. महिन्यातून एकदा अर्धा तास, आणि तोही त्याच्या क्षमतेच्या किमान तीस टक्के भार टाकून, चालवावा. डिझेल इंजिन रिकामे फिरवत राहिल्यास न जळलेले इंधन आणि काजळी आत साचते आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते कुरकुरते. साठवलेले इंधनही जुने होते, म्हणून ते ठरावीक मुदतीने वापरून नवे भरावे.

ज्या छोट्या संस्थेला जनरेटर झेपत नाही तिने खंत करू नये. चार तासांची बॅटरी आणि पुढे सांगितलेला कागदी काउंटर एवढ्यावर तिचे बहुतेक प्रसंग निभावतात.

पायरी ५: इंटरनेटचा दुसरा मार्ग खरोखर दुसरा आहे का, हे तपासणे

दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या तरी त्या एकाच खांबावरून, एकाच नळीतून किंवा एकाच मूळ कंपनीच्या जाळ्यातून येत असतील तर खोदकामाचा एक फावडा दोन्ही तोडतो. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या कंपनीचे जाळे कोसळले, सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा गेली आणि इंटरॅक ही देशभर वापरली जाणारी डेबिट व्यवस्थाही अडली, कारण तिचीही मदार त्याच जाळ्यावर होती. म्हणून एक जोडणी फायबरची आणि दुसरी वेगळ्या कंपनीच्या मोबाइल सिमवरची असावी. मोबाइल मनोऱ्यांनाही वीज लागते आणि त्यांच्या बॅटऱ्या बहुधा काही तासच टिकतात, हे ध्यानात ठेवून दिवसभराच्या खंडात मोबाइलवर विसंबू नये. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा काही तासांतच मोबाइल सेवाही मंदावली, कार्डे चालेनात आणि लोक रोकड शोधू लागले.

इथे एक अडचण इतकी नेमाने येते की ती स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. मुख्य जोडणी तुटते, राउटर आपोआप मोबाइल सिमवर जातो, बातम्यांची संकेतस्थळे उघडतात, पण खात्यांची प्रणाली मात्र प्रवेश नाकारते. कारण पुरवठादाराने सुरक्षेसाठी फक्त मुख्य जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) मान्य केलेला असतो आणि सिमवरचा पत्ता त्याला अनोळखी असतो. त्यावर उपाय म्हणजे पर्यायी जोडणीसाठीही स्थिर पत्ता किंवा सुरक्षित खासगी बोगदा (व्हीपीएन) आधीच नोंदवून घेणे. तो नोंदवला असे फोनवर ऐकून समाधान मानू नये. मुख्य तार काढून काउंटरवर एक खरा व्यवहार करून पाहावा.

पायरी ६: माहितीच्या प्रती, आणि त्या उघडतात याचा पुरावा

माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा नियम संगणक क्षेत्रात रूढ आहे. खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या काळात त्यात आणखी एक अट घालावी लागते: एक प्रत कोणत्याही जाळ्याला न जोडलेली असावी. ‘दुसरे ठिकाण’ याचा अर्थ शेजारची खोली होत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले.

प्रत घेतली गेली याची हिरवी खूण म्हणजे ती उपयोगी आहे याचा पुरावा नव्हे. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली गेली तेव्हा प्रती घेण्याच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चाललेली नाही असे आढळले, आणि सुमारे सहा तासांची माहिती परत मिळाली नाही. ती तंत्रज्ञांची कंपनी होती. पतसंस्थेने तर दर तीन महिन्यांनी एक प्रत वेगळ्या, जाळ्याबाहेरच्या संगणकावर उघडून त्यावरून तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे शिल्लकांचा ताळा) काढावी आणि ती त्या दिवसाच्या छापील तेरजेशी ताडून पाहावी. जमा आणि नावे बाजू जुळली, काही निवडक खात्यांची खतावणी जुळली, तरच ती प्रत ‘आहे’ असे इतिवृत्तात लिहावे. उघडायला किती वेळ लागला तेही लिहावे, कारण पहिल्या पायरीतील पहिला आकडा खरा होता की मनाचा, हे इथेच कळते.

प्रतींना लावलेले कुलूपशब्द आणि डिस्क उघडण्याच्या चाव्या त्याच संगणकावर जपून ठेवण्यात अर्थ नाही. त्या कागदावर, मोहोरबंद पाकिटात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि पाकीट उघडण्यासाठी दोन व्यक्तींच्या सह्या लागाव्यात.

प्रणाली बाहेरच्या पुरवठादाराची असेल तर करारात चार गोष्टी लेखी असाव्यात: त्याचे दुसरे केंद्र कुठे आहे, सेवा किती वेळात पूर्ववत होईल, शेवटची चाचणी कधी झाली, आणि सर्व खात्यांच्या शिल्लकेची एक फाइल तो रोज संस्थेच्या ताब्यात देईल का. शेवटच्या गोष्टीवर अजिबात तडजोड करू नये. पुढची पायरी तिच्यावरच उभी आहे.

पायरी ७: कागदावर चालणारा काउंटर

दिवसअखेर झाल्यावर सर्व खात्यांची शिल्लक यादी तयार करावी. तिच्यात खाते क्रमांक, नाव, वापरता येण्याजोगी शिल्लक, अडवून ठेवलेली रक्कम, संयुक्त खाते असल्यास सहीचा नियम, आणि मृत सभासदाचे किंवा न्यायालयाने गोठवलेले खाते असल्यास तशी खूण असावी. ही यादी शाखेतील एका लॅपटॉपवर कुलूपबंद स्वरूपात राहील आणि छोट्या शाखेत तिची छापील प्रतही ठेवता येईल. छापील प्रत म्हणजे सर्व सभासदांची आर्थिक कुंडलीच असते, म्हणून तिला अनुक्रमांक द्यावा, ती तिजोरीत ठेवावी आणि नवी आली की जुनी यंत्राने कापून नष्ट करावी. नमुना सह्यांची प्रतही लॅपटॉपवर असावी; केवळ चेहरा ओळखीचा आहे म्हणून पैसे देण्याची पद्धत मोठ्या गर्दीत आणि मंद उजेडात टिकत नाही.

यादी कालच्या संध्याकाळची आहे, त्यामुळे आज सकाळी कोणी ॲपवरून पैसे काढले असतील तर ते तिच्यात दिसणार नाहीत. ही जोखीम पूर्ण टाळता येत नाही, ती मर्यादित करता येते. संचालक मंडळाने आधीच ठराव करून ठेवावा की खंडाच्या काळात प्रत्येक सभासदाला दिवसाला अमुक रकमेपर्यंत, किंवा यादीतील शिल्लकेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम मिळेल, आणि ती त्याच्या मूळ शाखेतच मिळेल. दुसऱ्या शाखेत आलेल्या सभासदासाठी मूळ शाखेला फोन करून, तिथल्या यादीत त्या खात्यासमोर नोंद झाल्यावरच पैसे द्यावेत. मर्यादा किती असावी, याचा निर्णय रांग लागल्यावर रोखपालावर सोपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रत्यक्ष व्यवहार असा होईल. सभासद उचल पावती भरतो. पहिला कर्मचारी खाते यादीत शोधून शिल्लक आणि सही तपासतो, यादीत त्या खात्यासमोर उचललेली रक्कम, वेळ आणि पावतीचा क्रमांक लिहितो आणि सही करतो. रोखपाल आधीपासून छापलेल्या, सलग क्रमांकाच्या तीन प्रतींच्या पावतीपुस्तकात नोंद करतो, पासबुकात हाताने नोंद करून शिक्का मारतो आणि रक्कम देतो. एक प्रत सभासदाकडे, एक रोकडीबरोबर, एक पुस्तकात. चुकलेली पावती फाडायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ लिहून तिन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या, कारण प्रणाली परत आल्यावर नोंदी जुळवताना सलग क्रमांक हाच सर्वांत मोठा आधार असतो. पासबुकातील नोंद ही यातली सर्वांत महत्त्वाची कृती आहे, कारण एकाच शिल्लकेवर दोनदा उचल होऊ न देणारी ही खूण सभासदाच्या स्वतःच्या हातात असते.

कर्जाचा हप्ता भरायला आलेल्या सभासदाला परत पाठवू नये. पैसे घेऊन पावती द्यावी आणि नंतर नोंद करताना पावतीवरचीच तारीख लावावी, म्हणजे संस्थेच्या अडचणीचा दंडव्याज त्याच्या माथी पडणार नाही.

यासाठी लागणारे साहित्य एका पेटीत एकत्र असावे: पावतीपुस्तके, शिक्के आणि शाई, कार्बन कागद, बॅटरीवर चालणारे दिवे, नोटा तपासण्यासाठी अतिनील प्रकाशाची हातबॅटरी, बटणांचे गणनयंत्र, सुटे सेल, आणि सर्व महत्त्वाच्या दूरध्वनी क्रमांकांची कागदी यादी. नोटा मोजण्याचे यंत्र बंद असेल, म्हणून प्रत्येक गड्डी दोघांनी हाताने मोजायची. तिजोरीचे इलेक्ट्रॉनिक कुलूप कोणत्या सेलवर चालते, ते सेल कधी बदलले आणि यांत्रिक किल्ली कोणाकडे आहे, हेही त्याच पेटीतील एका कागदावर लिहिलेले असावे. विजेवर चालणारे दरवाजे वीज गेल्यावर उघडे पडतात की बंद राहतात, हे दरवाज्यागणिक वेगळे असते आणि दोन्हींत धोका आहे. बाहेर पडण्याची वाट माणसांसाठी नेहमी मोकळी आणि रोकडीच्या खोलीचा दरवाजा नेहमी बंद, अशी रचना हवी.

पायरी ८: पहिला तास

वीज किंवा जोडणी गेल्यापासून पाच मिनिटांत रोखपालाने अर्धवट राहिलेला व्यवहार कागदावर टिपून ठेवावा: कोणते खाते, किती रक्कम, पडद्यावर शेवटचा संदेश कोणता दिसला. त्याच वेळी शाखाधिकाऱ्याने खंड तीनपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे आणि वीज कंपनी, इंटरनेट कंपनी किंवा पुरवठादार यांच्याकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. पंधरा मिनिटांत अनावश्यक यंत्रे बंद करावीत. अर्ध्या तासात सेवा सुरू झाली नाही तर कागदी काउंटर सुरू करण्याची घोषणा एकाच व्यक्तीने करावी, आणि ती गैरहजर असल्यास कोणी करायची तेही आधी ठरलेले असावे. वीज गेली त्या क्षणीच शेवटची इलेक्ट्रॉनिक नोंद कोणती होती, हे कागदी काउंटरच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली रेघ ओढावी.

सभासदांना काय सांगायचे, याचा मजकूर आधी तयार असावा, कारण पैशाच्या संस्थेचे दार अर्धे उघडे दिसले की अफवा सूचनेच्या आधी पोहोचते. दारावरील सूचना साधी असावी: ‘जोडणीतील बिघाडामुळे संगणकीय सेवा तात्पुरती बंद आहे. आपल्या ठेवी सुरक्षित आहेत. रोख भरणा आणि मर्यादित रोख उचल सुरू आहे. कृपया पासबुक आणि ओळखपत्र सोबत आणावे. पुढील माहिती दुपारी दोन वाजता येथेच लावली जाईल.’ सेवा कधी सुरू होईल याचा अंदाज देऊ नये. पुढची माहिती कधी मिळेल याची वेळ द्यावी आणि ती पाळावी. अशा दिवशी ‘तुमचे खाते बंद पडले आहे, ओटीपी सांगा’ असे फसवे फोनही सुरू होतात, म्हणून संस्था फोनवर ओटीपी विचारत नाही हे वाक्य प्रत्येक सूचनेत असावे.

नियामकाला कळवण्याची मुदतही याच कागदावर लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, अमेरिकेत विमासंरक्षित क्रेडिट युनियनने गंभीर सायबर घटना घडली असे सकारण वाटल्यापासून ७२ तासांत राष्ट्रीय नियामकाला कळवली पाहिजे, असा नियम १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. आपल्या संस्थेला लागू असलेली मुदत आणि संबंधित कार्यालयाचा क्रमांक शांत दिवशीच शोधून ठेवावा.

पायरी ९: परत येणे

वीज परत आल्यावर पहिली काही मिनिटे तिचा दाब वरखाली होऊ शकतो, म्हणून यंत्रे लगेच मुख्य विजेवर टाकू नयेत. मग जोडणीची उपकरणे, डेटाबेसचा संगणक, खात्यांची प्रणाली आणि शेवटी काउंटरचे संगणक, या क्रमाने सुरुवात करावी. प्रणाली सुरू झाली तरी काउंटर, ॲप आणि एटीएम लगेच उघडण्याचा मोह आवरावा. खऱ्या चुका बहुतेक इथेच होतात.

आधी शेवटची इलेक्ट्रॉनिक नोंद रेघेवरच्या नोंदीशी जुळते का ते पाहावे. त्यानंतर खंडाच्या क्षणी अधांतरी राहिलेले व्यवहार सोडवावेत: खात्यावर नावे पडले पण समोरून उत्तर आले नाही, किंवा एटीएमने पैसे दिले पण नोंद अपुरी राहिली, असे. असा प्रत्येक व्यवहार एटीएमच्या स्वतःच्या नोंदपट्टीशी आणि पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेच्या अहवालाशी ताडल्याशिवाय पुन्हा टाकू नये, नाहीतर एकाच रकमेची दोनदा नोंद होते.

मग कागदी पावत्यांची पाळी. एका व्यक्तीने क्रमाने नोंद करावी, दुसरीने पावतीवर खूण करत तपासावे, आणि नोंदीत पावती क्रमांक आलाच पाहिजे. पावत्यांची बेरीज, यादीतील हाताने लिहिलेल्या उचलींची बेरीज आणि रोखपालाच्या रोकडीतील फरक, हे तिन्ही आकडे जुळल्यावरच रोजकीर्द बंद करावी. ज्यांच्या खात्यात उचलीमुळे शिल्लक उणे झाली त्यांची वेगळी यादी करून त्यांना सौम्यपणे कळवावे; त्यांपैकी बहुतेकांनी फसवलेले नसते, सकाळच्या ॲप व्यवहाराचा त्यांना स्वतःलाच विसर पडलेला असतो.

खंड दिवसअखेरीवरून पुढच्या दिवसात गेला असेल तर विशेष जपावे. दिवसअखेरची प्रक्रिया अर्ध्यावर तुटली असेल तर ती कुठपर्यंत झाली हे पाहिल्याशिवाय पुन्हा चालवू नये, कारण व्याजाची आकारणी आणि ठरलेले हप्ते दोनदा पडण्याची शक्यता असते. आधीच्या तारखेचा दिवस नीट बंद करून मगच नवा दिवस उघडावा.

पायरी १०: सराव

पहिला सराव सुट्टीच्या दिवशी करावा. माहितीची ताजी प्रत घेऊन मुख्य स्विच खरोखर बंद करावा आणि कोणते यंत्र किती मिनिटांनी विझते ते घड्याळ लावून लिहावे. दुसरा सराव कमी गर्दीच्या वेळी, प्रत्यक्ष सभासदांसह, एक तास कागदी काउंटर चालवून करावा. हेतू कळवला तर सभासद सहकार्य करतात, शिवाय संस्थेची तयारी त्यांनाही दिसते. तिसरा सराव टेबलावर: पुरवठादार तीन दिवस बंद आहे असे धरून कोण कोणाला फोन करेल, रोकड कुठून येईल, पगाराच्या जमा रकमांचे काय होईल, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. प्रत्येक सरावात मुख्य व्यक्तीला मुद्दाम बाजूला बसवावे. तिच्याशिवाय पेटीची किल्ली सापडत नसेल तर ते त्याच दिवशी समजते.

सरावात आढळलेली प्रत्येक उणीव, ती दूर करणाऱ्याचे नाव आणि तारीख यांसह एका वहीत उतरवावी, आणि ती वही संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत लेखापरीक्षणाच्या मुद्द्यांबरोबर ठेवावी. नवा रोखपाल रुजू झाला, पुरवठादार बदलला किंवा एखादे यंत्र दुसऱ्या सॉकेटमध्ये गेले की त्या वहीतील संबंधित पान नव्याने लिहावे.